घर बघायला जाताना

मैत्रिणींनो, घर विकत घ्यायचं ठरलं की आपण आधी ओटा, मोरी आणि नळाचं पाणी बघतो. बघावंच! पण आम्ही किल्लारीकर आणखी एक विचारतो : भिंत कशात बांधलीय? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात इथली जाडजूड दगडी घरं कोसळली. दगड नुसत्या मातीत रचलेले, वर मातीचं जड माळवद. जाड भिंत म्हणजे भक्कम, हा आमचा भ्रमच ठरला. म्हणून इसार देण्याआधी ओळखीचा गवंडी सोबत न्या. दारांच्या वरून चारी भिंतींना बांधणारा सळयांचा काँक्रीट पट्टा आहे का, ते बघायला सांगा. मालक म्हणेल, "वहिनी, रंग तर बघा!" रंग काय, पुढच्या दिवाळीलाही देता येतो, पट्टा मागाहून घालणं महागात पडतं.