सावली गावातच हवी

पेण आणि रोह्याला वेगळ्या बागा कशाला, चहूकडे डोंगर आहेतच की, असा आक्षेप नेहमी येतो. रोह्याजवळ अवचितगडाची झाडी आहे, मुरूड-रोहा तालुक्यांत फणसाडचे अभयारण्य आहे. पण फणसाड आपोआप टिकलेले नाही. ते जंजिऱ्याच्या सिद्दींचे राखीव शिकारीचे रान होते. पुढे १९८६मध्ये अभयारण्य झाले. कुणीतरी हद्द आखली, म्हणून जंगल उरले. गावातल्या हिरव्या जागेलाही हाच न्याय लागू आहे. शिवाय गुडघे दुखणाऱ्या आजीला गड चढता येत नाही आणि शाळा सुटल्यावर मुलांना फणसाड गाठता येत नाही. त्यांना चालत पोहोचता येईल अशी सावली हवी.

देखभालीला पैसा कुठून, हा प्रश्न रास्त आहे. मात्र कारंजी आणि रंगीत दिव्यांचा खर्च टाळला, तर प्रश्न बराच सुटतो. रोह्याला कुंडलिकेचा काठ आहे, पेणला भोगावतीचा. तिथे फरशा घालण्याआधी वड, करंज, उंबर लावावेत, चार बाकडी ठेवावीत आणि भराव व अतिक्रमण कठोरपणे रोखावे. नगरपालिकांनी या काठांची हद्द विकास आराखड्यात स्पष्ट नोंदवावी, अशी आमची आग्रहाची मागणी आहे.