पाडव्याचं तोरण मुलांनाच करू द्या



गुढीपाडवा जवळ आला की वर्गात एक प्रश्न हमखास येतो, "बाई, तोरण विकतचं आणलं तर चालेल का?" आणि जे 'घरी केलेलं' म्हणून येतं, त्यातलं निम्मं तरी आईच्या हातचं असतं. एकसारखी फुलं, सरळ ओळ, कुठे गाठ दिसत नाही. आपण कौतुक करतो, फोटो काढतो. पण शेजारच्या बाकावर स्वतः केलेलं वाकडं तोरण घेऊन बसलेलं मूल काय शिकतं? आपल्या हातचं काम दाखवण्यासारखं नसतं, हेच ना?

म्हणून माझं स्पष्ट मत आहे. तोरण वाकडं झालं तरी चालेल, पण ते मुलांनीच करावं. आणि त्याची स्पर्धा नको, नंबरही नकोत.

"वार्षिक परीक्षा तोंडावर आहे, यात वेळ कशाला घालवता?" असं काही पालक विचारतात. त्यांना एक गणित सांगते. दार 3 फूट, म्हणजे 36 इंच रुंद आहे. दर 3 इंचांवर एक पान हवं. किती पानं लागतील? मुलं पटकन 12 म्हणतात. सुतळी जमिनीवर पसरून पानं मांडली की कळतं, 13 लागली! जागा 12, पण दोन्ही टोकांना पान हवं. प्रत्येक दोन पानांमध्ये एक झेंडू धरला तर फुलं मात्र 12च. फळ्यावर हे समजवायला अख्खी तासिका जाते. इथे मुलं स्वतः मोजतात, चुकतात आणि स्वतःच दुरुस्त करतात. शिवाय सुतळी 36 इंच घेऊन भागत नाही. तोरणाला थोडा झोल हवा आणि दोन्हीकडे बांधायला वीतभर जास्त हवी. हा अंदाज पुस्तकातून येत नाही, हातातूनच येतो.

भाषाही येते बरं का! सुईने फूल ओवतात, गाठी मारत गजरा गुंफतात. ओवणे आणि गुंफणे यांतला फरक हाताने कळला की शब्दार्थ पाठ करावा लागत नाही.

परिसर अभ्यास तर दारातच असतो. चैत्रात आंब्याची कोवळी पालवी तांबूस असते, जून पान गडद हिरवं. तोरणाला जून पानच घ्यायचं. कोवळं लगेच मलूल होतं, हे मुलांना दोन्ही पानं ठेवून बघू द्या. झाडाला याच दिवसांत कैऱ्या असतात, म्हणून फांदी ओरबाडायची नाही आणि मालकाला विचारल्याशिवाय पान तोडायचं नाही. देठाचा चीक डोळ्याला लागू देऊ नका, हात धुवायला सांगा.

कामाची वाटणी वयानुसार करावी. पहिली-दुसरीची मुलं पानं पुसतील, फुलं लहान-मोठी निवडतील. तिसरी-चौथीची मुलं पानाचं देठ सुतळीवरून मागे वळवून पानातच टोचतील. याला सुई लागतच नाही. झेंडू ओवायला दाभण लागलं तर मोठ्या माणसाने शेजारी बसावं, पण शेजारीच. "आण इकडे, मी करते" हे वाक्य तेवढं टाळावं. झेंडू महाग असेल तर नुसत्या पानांचं तोरणही छान दिसतं. दारातली जास्वंद, कडुनिंबाचा मोहोर, जे असेल ते चालेल. खर्च करायलाच हवा असं काही नाही.

आपल्याकडे पाडव्याला पाटीपूजन करून मुलांना शिक्षणाची सुरुवात करून द्यायची पद्धत होती. आजही अनेक जिल्हा परिषद शाळा पाडव्याच्या निमित्ताने पहिलीचे दाखलपात्र विद्यार्थी शोधतात. त्या नव्या मुलांसाठी शाळेच्या दाराला चौथीच्या मुलांच्या हातचं तोरण असावं, यापेक्षा चांगलं स्वागत कोणतं?

सण झाला की तोरण लगेच कचऱ्यात टाकू नका. आधी काय सुकतं, पान की फूल, हे रोज बघायला सांगा. पानं खतात टाका, सुतळी सोडवून ठेवा. वाळलेले झेंडू कागदात बांधून ठेवले आणि जूनमध्ये पहिल्या पावसानंतर कुस्करून मातीत टाकले, तर बऱ्याचदा रोपं येतात. दसऱ्याच्या तोरणाची तयारी तिथूनच सुरू होते.

पालकांना एकच विनंती. यंदा दाराला मुलाने केलेलं तोरण लावा. पाहुण्यांनी विचारलं, तर उत्तर मुलालाच देऊ द्या.