डाग टीबीचाच कशावरून?

परळच्या टाटा रुग्णालयाचं नाव निघालं की आपल्या घरांत आवाज खाली येतो. १९४१पासून ते उभं आहे, भीती मात्र तशीच. फुफ्फुसाच्या कॅन्सरचे बहुतेक रुग्ण ऑपरेशनची वेळ टळल्यावरच डॉक्टरांपुढे येतात.

एक्स-रेवर डाग दिसला की पहिला संशय टीबीचा. मुंबईत तो चुकीचाही नाही. पण थुंकीत जंतू न सापडताही महिनोन्महिने गोळ्या चालतात आणि गाठ वाढत राहते. गोळ्यांनी डाग हटत नसेल, थुंकीत रक्त दिसत असेल, तर सीटी स्कॅन करून गाठीचा तुकडा तपासून घ्यावा, असं आम्ही आग्रहानं सांगू.

उजव्या फुफ्फुसाचे तीन भाग असतात, डाव्याचे दोन. सहसा गाठीचा भाग आणि जवळच्या लसीकाग्रंथी काढतात. ग्रंथी स्वच्छ निघाल्या तर आशा मोठी. तिथं रोग पोचला असेल तर केमोही लागते. ‘चाकू लागला की कॅन्सर पसरतो’ हे आम्हीही ऐकत आलो आहोत. ते खरं नाही.

अब्बांची बिडी ऑपरेशनआधी सुटलीच पाहिजे. आणि अम्मीनं बिडीला कधी हात लावला नसला, तरी तिचा खोकला नुसता दमा समजून सोडू नका.