निळा डाग आणि कोयता

१९७० साली डॉ. श्रीराम लागूंनी विजय तेंडुलकरांचं ‘गिधाडे’ रंगमंचावर आणलं. त्यात भाऊच बहीण माणिकच्या पोटावर लाथा घालतात, तिचा गर्भ पडतो. सेन्सॉरला खटकला तो साडीवरचा लाल डाग! लागूंनी तो निळा केला आणि प्रेक्षकांना तो लाल समजायला सांगितलं. घरातल्या रक्ताचा रंग बदलून मागणारा समाज एवढ्या एका किश्शात उभा राहतो.

तेंडुलकरांचंच ‘कन्यादान’ (१९८३) त्याहून अवघड. तिथे प्रश्न मारहाणीनंतरचा आहे. नवऱ्याचा मार खाल्लेली, गरोदर ज्योती शेवटी त्याच्याकडेच परत जाते आणि आदर्शवादी बापाला झिडकारते. प्रेक्षकाला सुटकेचा नि:श्वास मिळतच नाही.

पण ही दुःखं बहुतेक दिवाणखान्यातली. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजुराची पोर तिथे क्वचितच दिसते.

दसरा-दिवाळीच्या सुमारास हा जिल्हा ऊसतोडीला निघतो. मुकादमाकडून आगाऊ उचल मिळते ती ‘कोयत्या’ला, म्हणजे बहुधा नवरा-बायकोच्या जोडीला. मुलीला मागे कुणाच्या भरवशावर ठेवायचं, ही आईबापांची धास्तीही खरी. मग तिचं लग्न उरकलं जातं आणि नवी जोडी तयार होते. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीडमधल्या २० ते २४ वयाच्या ४० टक्क्यांहून अधिक स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं.

इथे खलनायक कोण? ‘गिधाडे’तल्यासारखा दारुडा भाऊ सापडत नाही, मुलीवर जीव लावणारा बापच अक्षता टाकतो. नाटककाराला याहून कठीण पात्र कुठलं मिळणार? फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, पहाटे तीनला उठणारी, मोळ्या वाहणारी ती सोळा वर्षांची मुलगी पुढच्या अंकात काय बोलेल, ते अजून कुणीतरी लिहायचं आहे.