उद्घाटनाचा फोटो, चढाईचा फोटो

वऱ्हाडात कुठेही कबड्डीचे सामने झाले की दुसऱ्या दिवशीच्या पेपरातला फोटो ठरलेला असतो. मधोमध आमदार, शेजारी नगरसेवक, हार, नारळ आणि दोन्ही टोकांना अर्धे कापले गेलेले खेळाडू. खाली ओळ : मान्यवरांच्या हस्ते उद्घाटन. शेवटच्या मिनिटाला चढाई करून सामना फिरवणाऱ्या पोराचा त्यात पत्ता नसतो. फोटोग्राफरचा आळस म्हणून हे सोडून देता आले असते, पण सवय फार जुनी आहे.

1914 साली अमरावतीत वैद्य बंधूंनी आखाडा काढला, त्याचेच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. 1936 मध्ये मंडळाचे पथक ऑलिम्पिकच्या वेळी बर्लिनला गेले आणि कबड्डी, मल्लखांब असे आपले खेळ तिथे करून दाखवले. त्या काळी वऱ्हाडातल्या तरुणांनी बोटीने युरोप गाठून हे करावे, ही साधी गोष्ट नव्हे. मात्र 'कबड्डी ऑलिम्पिकमध्ये खेळली गेली' असे आपण सांगतो तेव्हा एक बारकावा निसटतो. त्या वर्षी ऑलिम्पिकचे अधिकृत प्रात्यक्षिक खेळ दोनच होते, बेसबॉल आणि ग्लायडिंग. आपले खेळ त्या यादीबाहेर दाखवले गेले. सामन्याचा निकाल लागतो, तो कुठेतरी नोंदला जातो. प्रात्यक्षिकाला टाळ्या मिळतात, आणि मग पुढचा कार्यक्रम.

गंमत अशी, की बर्लिन म्हणजे कॅमेऱ्यांचे ऑलिम्पिक. हातात मावणारा लायका बाजारात येऊन दहाएक वर्षे झाली होती. जर्मन फोटोग्राफर पाउल वोल्फ याने त्यावर टिपलेल्या खेळांचे पुस्तक निघाले, लेनी रिफेनश्टाल हिचा 'ऑलिंपिया' 1938 मध्ये पडद्यावर आला. धावणाऱ्याचा पाय, उडी घेणाऱ्याची पाठ, चेहऱ्यावरचा ताण, हे सारे तिथे पकडता येऊ लागले होते. आपल्याकडे मात्र व्यायामाचा फोटो म्हणजे अजून 'कृती'चा फोटो. मल्लखांबाला ते मानवतेही. टोकावर तोल साधून थांबलेला गडी कुठल्याही कॅमेऱ्यात मावतो. बडोद्याहून 1936 ते 1949 या काळात निघालेल्या, द. चिं. करंदीकर-मुजुमदार यांच्या दहा खंडी 'व्यायाम ज्ञानकोशा'ने या कृतींची चित्रे-छायाचित्रे कसोशीने जपली. आज मल्लखांब शिकवणाऱ्याला त्याचा आधार वाटतो, तो उगाच नाही. कबड्डी मात्र थांबत नाही. दिवस कलल्यावर, उडणाऱ्या धुळीत, सात जणांच्या घोळक्यात ती घडते. म्हणून ती फोटोत आली ती संघ म्हणूनच : पुढे खुर्च्यांवर पदाधिकारी, मागे उभे खेळाडू. खुर्च्यांवरच्यांची नावे पाटीवर, उभ्यांची बहुधा नाहीत.

असे फक्त आपल्याकडेच झाले असेही नाही. कॅनडातल्या मूळ रहिवाशांचा लॅक्रॉस हा खेळ जॉर्ज बिअर्स या मॉन्ट्रिअलच्या दंतवैद्याने 1867 च्या सुमारास नियमांत बांधला. 1876 मध्ये कानावागीच्या मोहॉक खेळाडूंना इंग्लंडला नेऊन व्हिक्टोरिया राणीपुढे खेळवले. बघणाऱ्यांना 'इंडियन' वाटावेत असा त्यांचा पोशाख, त्याच रूपातली त्यांची चित्रे. चारच वर्षांनी, 1880 मध्ये, पैसे घेऊन खेळतात या कारणाखाली मूळ रहिवाशांना कॅनडाच्या अजिंक्यपदातून वगळण्यात आले. चित्रात हवेत, सामन्यात नकोत. 1928, 1932 आणि 1948 च्या ऑलिम्पिकमध्ये लॅक्रॉस केवळ प्रात्यक्षिकापुरता होता. आता 2028 मध्ये लॉस एंजेलिसला तो पदकांसह परततो आहे आणि ज्यांचा खेळ त्या मूळ रहिवाशांतल्या हौडेनोशौनी लोकांना स्वतःच्या झेंड्याखाली उतरायचे आहे. क्रिकेटही त्याच वर्षी येते आहे. कबड्डी नाही.

कबड्डीने निकालाचा रस्ता सावकाश का होईना गाठला : 1990 मध्ये बीजिंगचे एशियाड, 2014 पासून प्रो कबड्डी. दूरचित्रवाणीने पहिल्यांदा चढाई जवळून दाखवली. बोनस रेषेवर टेकलेला अंगठा, घोट्यावर पडलेला हात आणि मध्यरेषेकडे ताणलेली बोटे, या तिन्हींत सेकंदाचाही अवकाश नसतो. ते टिपायला फोटोग्राफरला मॅटच्या कोपऱ्यात गुडघ्यावर बसावे लागते, स्टेजपुढे उभे राहून भागत नाही. आज गावच्या सामन्यात निम्म्या प्रेक्षकांच्या खिशात बऱ्यापैकी कॅमेरा आहे. तेव्हा तंत्राची सबब उरलेली नाही.

सामन्याइतकेच त्याच्या कडेचेही टिपायला हवे. घोट्याला हळद-चुना लावून बसलेला राखीव गडी, चुन्याने रेषा आखणारा माणूस, जीपच्या टपावर चढलेली पोरे, हरलेल्या संघाचा निघालेला टेम्पो. पन्नास वर्षांनी वऱ्हाडातली कबड्डी कशी होती, असे कुणी विचारले तर नारळाचा फोटो काय सांगणार? मंडळांच्या कार्यालयांत भिंतीवर पिवळे पडत चाललेले संघांचे फोटो आहेत. त्यांतले उभे असलेले चेहरे ओळखणारी म्हातारी माणसे अजून हयात आहेत. एका रविवारी त्यांना बोलावून, चहा पाजून, फोटोमागे पेन्सिलीने नावे, गाव आणि साल लिहून घेता येते. अनुदान लागत नाही.

अमरावती-अकोल्याच्या संपादकांनी आपल्यापुरते एवढे ठरवावे : सामन्याच्या बातमीला चढाईचा फोटो, खाली चढाई करणाऱ्याचे आणि पकड करणाऱ्याचे नाव. आमदारांना पहिल्या पानावर यायचेच असेल, तर चड्डी-बनियन घालून त्यांनीही एक चढाई करावी. फोटो छापू.