बिनघोड्यांचे घोडदळ

दिल्लीच्या तीन मूर्ती चौकात तीन लान्सर उभे आहेत. हैदराबाद, म्हैसूर आणि जोधपूर या संस्थानांच्या घोडदळांचे ते प्रतिनिधी. लान्सर म्हणजे घोड्यावरून भाला चालवणारा. २०१८ साली या चौकाच्या नावाला ‘हैफा’ची जोड मिळाली. तिघेही पायउतार आहेत. घोडा एकही नाही.

पहिल्या महायुद्धात, २३ सप्टेंबर १९१८ रोजी जोधपूर आणि म्हैसूरच्या लान्सर्सनी मशीनगन आणि तोफांसमोर भरधाव घोडे घातले आणि आज इस्रायलमध्ये असलेले हैफा शहर तुर्कांकडून घेतले. १,३००हून अधिक कैदी हाती लागले. आपले ८ जण ठार झाले, ३४ जखमी. दरवर्षी २३ सप्टेंबरला हे आकडे निघतात. त्याच हिशेबात आणखी एक ओळ आहे : ६० घोडे ठार, ८३ जखमी. ती वाचून दाखवायला सहसा कोणाला सवड होत नाही.

कधी घोड्याची आठवण निघालीच, तर त्याला लगेच शूर आणि इमानी ठरवून टाकतात. घोडा पाळलेला माणूस असे बोलणार नाही. वाऱ्याने फडफडलेल्या कागदालाही बुजणारे हे जनावर. चरता चरता मागचा धोकाही दिसावा, म्हणून त्याचे डोळे डोक्याच्या दोन अंगांना. धोका दिसला की पळायचे, एवढेच त्याला ठाऊक. कळपातला एक उधळला की बाकीचे कारण शोधत बसत नाहीत. घोडदळाची सगळी मदार या खोडीवर. चौखूर सुटलेली रांग पाहून आपल्याला वाटते, घोडे शत्रूवर तुटून पडले. घोडा शेजारच्या घोड्याबरोबर पळत असतो. समोर शत्रू आहे, हे लगाम धरणाऱ्याला माहीत.

त्या स्वारांना हे नेमके कळत होते. किशॉन नदीचा काठ दलदलीचा निघाला. तिथून पार होणे अशक्य दिसताच जोधपूरची तुकडी गोळ्यांच्या माऱ्यात डावीकडे वळली आणि कार्मेल डोंगराच्या उताराला लागली. उधळण्याच्या बेतात असलेले घोडे असे वळवायचे, तर कान कुठे फिरले, पाठ कुठे ताठरली, पाऊल कुठे कचरले, हे मांडीखाली कळावे लागते. ती लढाई जिंकून देणारी विद्या हीच होती. चौकात तिचा मागमूस नाही.

शौर्य स्वारांचे, यात वाद नाही. पुढे काय आहे ते पाहून त्यांनी टाच मारली. घोड्यांना कोणी विचारले नव्हते. म्हणूनच त्यांच्यावर शौर्याची झूल घालण्याचे कारण नाही. पुढच्या २३ सप्टेंबरला ८ नंतर ६० म्हणावे, एवढे पुरे.