सूज, लिथियम आणि यावलचा मे महिना

बायपोलर हा म्हणे मुळात 'सुजेचा' आजार! हल्ली असे फॉरवर्ड फिरत असतात आणि शेवटी हळद नाहीतर सुजेवरची एखादी गोळी सुचवलेली असते. यातलं अर्धं खरं आहे. पंचाईत तीच आहे.

मॅनियाच्या काळात (झोप नाही, पैशांची उधळण, डोक्यात शंभर योजना) बऱ्याच रुग्णांच्या रक्तात सीआरपी, इंटरल्युकिन-६ अशा दाहाच्या खुणा वाढलेल्या सापडतात. ही सुजलेल्या गुडघ्यासारखी डोळ्यांना दिसणारी सूज नव्हे. शरीराची संरक्षणव्यवस्था आतल्या आत धुमसत असते. पण सर्व्हर तापला म्हणजे बग सापडला, असं आमच्या धंद्यात कोणी म्हणत नाही. सीआरपी तर वजनाने वाढतो, सिगारेटनेही वाढतो. बरं, दाह कमी करूनही पाहिलंय. पाकिस्तानात २६६ रुग्णांना नेहमीच्या औषधांच्या जोडीला मिनोसायक्लिन आणि सेलेकॉक्सिब देऊन बघितलं. २०२० साली निकाल छापून आला: बायपोलरमधल्या नैराश्यावर फायदा दिसला नाही. संशोधन चालू राहावंच, पण फॉरवर्डवाल्यांनी जरा दम धरावा.

कारण खरा धोका वेगळाच आहे. १९४९ मध्ये जॉन केडने मॅनियावर वापरलेलं लिथियम आजही मुख्य औषधांपैकी एक आहे. ते किडनीवाटे बाहेर पडतं, आणि त्याच्या उपयोगी व विषारी पातळीत अंतर फार थोडं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या सुजेवरच्याच गोळ्यांनी ते शरीरात साठू लागतं. घाम गाळून पाणी कमी पडलं तरी तेच.

आता यावलचा मे महिना डोळ्यांसमोर आणा. पारा ४५ च्या आसपास, दिवसभर केळीच्या बागेत काम, संध्याकाळी अंग ठणकतंय म्हणून मेडिकलवरून गोळी. मग हात थरथरतात, उलट्या होतात, तोल जातो आणि घरचे म्हणतात, ऊन लागलं!

मेडिकलवाल्याला लिथियमचं सांगून ठेवावं, हे पुण्यात बसून म्हणणं सोपं आहे. तालुक्याच्या गावात त्याला सांगणं म्हणजे निम्म्या गावाला सांगणं. म्हणून माझं मत असं की ही जबाबदारी डॉक्टरांची. कुठल्या वेदनाशामक गोळ्या चालणार नाहीत ते चिठ्ठीवर ठळक मराठीत लिहा, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर लिथियमची रक्ततपासणी सांगा. आणि घरच्यांनो, अशी लक्षणं दिसली तर कांद्याचा रस पाजत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.